एम३४०आय ट्रॅकसाठी तयार करायची आहे : आधी रिमॅप की आधी ब्रेक?

नेरूळ_३४०

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०२१ सालची बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे. गाडी दुसऱ्या हाताची असली तरी पासिंग एमएच-४३चेच आहे, सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण आहेत आणि आजवर तिच्यात कसलाही बदल झालेला नाही. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क आणि चारही चाकांना ताकद देणारी एक्सड्राइव्ह एवढे मूळचेच मिळत असल्यामुळे नेरूळ ते बीकेसी या रोजच्या प्रवासात त्यातल्या निम्म्याचाही उपयोग होत नाही, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न रस्त्याचा नसून ट्रॅकचा आहे.

गेल्या हिवाळ्यात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर गाडी नेली होती. पहिल्या सत्रात ती उत्तम चालली. दुसऱ्या सत्राच्या उत्तरार्धात मात्र ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाऊ लागले, आणि सरळ पट्ट्यावर गाडी सुरुवातीला जशी ओढत होती तशी ओढेनाशी झाली. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा एकही दिवा लागला नाही. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, बराच वेळ उभी ठेवल्यावर दोन्ही तक्रारी नाहीशा झाल्या.

परत आल्यावर ट्यूनिंग करणाऱ्या एका गॅरेजमध्ये विचारणा केली. त्यांनी स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवण्याची पहिली पायरी), कॅट म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेला डाउनपाईप (टर्बोनंतरची धुराची नळी) आणि मोकळा एअर फिल्टर असा एकत्रित प्रस्ताव दिला आणि ‘इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की ते दमणार नाही’ असे कारण सांगितले. ते कारण माझ्या गळी उतरलेले नाही, परंतु त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करता येईल इतके ज्ञानही मला नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खर्चाचा क्रम काय असावा? आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलवर आणि आपल्या हवेत रिमॅपचा खरा लाभ किती वेळ टिकतो? आणि कायद्याच्या व विम्याच्या दृष्टीने कोणत्या बदलापाशी थांबावे? गाडी घरातील सर्वांच्या वापराची आहे, माझे आईवडीलही तिच्यातून प्रवास करतात. त्यामुळे पावसाळ्यातल्या सायन-पनवेल महामार्गावर कंबर मोडेल असे सस्पेन्शन मला बसवायचे नाही.

घोडबंदरकर

नेरूळकर, आपण लक्षणे नेमकी लिहिल्यामुळे निदान सोपे झाले आहे. ब्रेक दोन प्रकारे साथ सोडतात आणि दोन्हींची खूण पायाला वेगवेगळी कळते. पेडल मऊ पडून खाली जाऊ लागले तर ब्रेक ऑइल उकळू लागले आहे असे समजावे. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, पूर्णपणे पोहोचत नाही. याउलट पेडल घट्ट आणि जागच्या जागी असूनही गाडी थांबायला तयार नसेल, तर पॅडचे मटेरियल आपल्या तापमर्यादेच्या पलीकडे गेलेले असते. आपला प्रकार पहिला आहे. गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव झाले, म्हणून तक्रार मिटल्यासारखी वाटली. प्रत्यक्षात ते ऑइल आता ट्रॅकच्या उपयोगाचे राहिलेले नाही, ते सगळे काढून नवे भरावे.

ब्रेक ऑइलच्या डॉट ४ या मानकाप्रमाणे नव्या, कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. खाडीच्या काठावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या गाड्या जून ते सप्टेंबर कोणत्या हवेत उभ्या असतात, हे वेगळे सांगायला नको. शोरूम दोन वर्षांनी ऑइल बदलते, ते रोजच्या वापराला पुरेसे आहे. ट्रॅकवर जाणाऱ्याने मात्र प्रत्येक वारीच्या आधी ते बदलावे, आणि तेही कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असलेले, रेसिंगसाठीचे. बाटलीवर डॉट ४ किंवा डॉट ५.१ लिहिलेले असेल तर चालेल. नुसते डॉट ५ लिहिलेले असेल तर ते सिलिकॉनचे असते आणि या गाडीत ते कदापि ओतू नये. काउंटरवरचा मुलगा ‘एकच आहे साहेब’ म्हणाला तरीही.

आता थोडा हिशेब मांडतो, कारण रिमॅप आधी करावा की नाही याचे उत्तर त्यातच आहे. चालकासह गाडीचे वजन सुमारे १,८५० किलो धरले आणि ताशी १८० किलोमीटरवरून वेग ८० पर्यंत उतरवला, तर त्या एका ब्रेकिंगमध्ये साधारण १.८५ मेगाज्यूल ऊर्जेची उष्णता होते. सहा लिटर पाणी माठातल्या थंडाव्यापासून थेट उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही आहे, आणि ती काही सेकंदांत चार डिस्कमध्ये, त्यातही बहुतांशी पुढच्या दोन डिस्कमध्ये, उतरते. रिमॅपनंतर त्याच वळणाआधी आपण १९५ वर पोहोचलात तर हा आकडा २.२५ मेगाज्यूलच्या आसपास जातो. वेग आठ टक्क्यांनी वाढला आणि उष्णता एक पंचमांशाहून अधिक वाढली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जे ब्रेक मूळच्या ताकदीलाच पुरले नाहीत त्यांच्यावर हा बोजा टाकण्यात शहाणपण नाही.

म्हणून माझा क्रम असा आहे : सर्वप्रथम ऑइल, त्यानंतर ट्रॅकला चालणारे पॅड. मूळचे पॅड रस्त्यासाठी, म्हणजे थंड असतानाही पहिल्याच दाबाला पकडतील, आवाज करणार नाहीत आणि चाकांवर काळी पूड कमी सोडतील अशा बेताने बनवलेले असतात. ट्रॅकचे पॅड तापल्यावर खुलतात. थंड असताना ते कमी पकडतात आणि सिग्नलला थांबताना किंचाळतात. घरात सर्वजण गाडी वापरतात म्हणता, तेव्हा पॅडचा जोड वेगळा ठेवावा, ट्रॅकला जाण्याआधी बसवावा आणि आल्यावर उतरवावा. मोठ्या कॅलिपरचा संच घेण्याची घाई करू नये. मूळचे ब्रेक योग्य ऑइल आणि पॅडवर कितपत टिकतात हे आधी पाहावे.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. स्थिरता-नियंत्रण पूर्ण चालू ठेवून ट्रॅकवर फिरले तर प्रत्येक निसटत्या क्षणाला संगणक स्वतः एकेका चाकाचा ब्रेक लावत राहतो, आणि पाय पेडलवर नसतानाही पॅड तापत राहतात. नवख्याने ते बंद करावे असे मी मुळीच सुचवणार नाही. मागचे पॅड अपेक्षेपेक्षा लवकर संपले तर कारण कुठे शोधायचे, एवढेच ध्यानात ठेवावे. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता सावकाश घ्यावी, आणि पिटमध्ये आल्यावर पार्किंग ब्रेक न ओढता गाडी पी मध्ये टाकून चाकाला ओट (अडसर) लावावी. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरले की तेवढ्याच जागी त्यांचा थर चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरू लागते.

रबाळे_गॅरेज

घोडबंदरकरांच्या ब्रेकविषयीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. रिमॅप करूच नये असा अर्थ मात्र कोणी त्यातून काढू नये. माझे पोट त्यावर चालते म्हणून नव्हे, तर या इंजिनात नीट केलेल्या रिमॅपला भरपूर वाव आहे म्हणून. आपल्या गाडीतले बी५८ हे बंद डेकच्या (सिलिंडरना वरच्या कडेशी चहूबाजूंनी आधार असलेल्या) ब्लॉकचे भक्कम इंजिन आहे आणि मूळच्या ३८७ अश्वशक्तीला ते घाम गाळत नाही.

आपली दुसरी तक्रार, म्हणजे गाडी ओढेनाशी होणे, ही दमण्याची नव्हे, हवेच्या तापमानाची आहे. या इंजिनात टर्बोतून आलेली तापलेली हवा पाण्याने थंड होते. हे काम करणारा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या भागात) बसवलेला असतो आणि त्याचे पाणी विजेच्या पंपाने समोरच्या वेगळ्या रेडिएटरमधून फिरवले जाते. शहरातल्या थोड्या वेळाच्या जोरासाठी ही रचना फार गुणी आहे, कारण तेवढा ताप पाणी सहज पोटात घेते आणि मार्ग आखूड असल्यामुळे टर्बोचा प्रतिसादही झटपट मिळतो. परंतु ट्रॅकवर फेरीमागून फेरी झाली की पाणी स्वतःच तापते, ते थंड व्हायला लागणारा वेळ मिळत नाही आणि इनटेकच्या हवेचे तापमान चढत जाते. इंजिनात नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे खेचतो (ठिणगी उशिरा पाडतो) आणि बूस्टही, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आवरता घेतो. दिवा लागत नाही, कारण ईसीयूच्या लेखी काहीही बिघडलेले नसते. तो आपले काम चोख करत असतो.

यावर मोकळा एअर फिल्टर आणि डाउनपाईप हे उत्तर नाही. उघडा फिल्टर नीट झाकलेला नसेल तर तो बॉनेटखालची गरम हवाच आत ओढतो. आपल्याला तापमानाचा बंदोबस्त करायचा आहे, म्हणजे त्या वेगळ्या पाण्याच्या मार्गाचा मोठा किंवा जोड रेडिएटर, समोरच्या जाळीत अडकलेला कचरा आणि किडे काढणे, आणि सत्र आखूड ठेवणे. यातले शेवटचे दोन उपाय जवळजवळ फुकट आहेत.

रिमॅपआधी मूळ गाडीचे लॉगिंग, म्हणजे चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद, करून घ्यावे. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकदा खेचून काढलेला आलेख भिंतीवर लावायला चांगला असतो. मी स्वतः गिऱ्हाइकाला मध्ये विश्रांती न देता लागोपाठ काढलेल्या चार-पाच खेचींचे आकडे शेजारी शेजारी दाखवतो. पहिल्या आणि शेवटच्या खेचीतला फरक हेच आपल्या गाडीचे ट्रॅकवरचे खरे दुखणे असते. त्यात इनटेकचे तापमान, प्रत्येक सिलिंडरचे इग्निशन किती मागे खेचले गेले, मागितलेला व मिळालेला बूस्ट आणि हाय प्रेशर पंपाचा दाब एवढ्या गोष्टी नोंदवलेल्या असाव्यात. जो ट्यूनर हे दाखवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

आता पेट्रोल. रिमॅपच्या परदेशी फाइल विकत आणून घालणारे हा मुद्दा हमखास विसरतात. त्या फाइल ज्या इंधनावर बेतलेल्या असतात ते इथल्या प्रत्येक पंपावर मिळत नाही. शंभर ऑक्टेनचे (ऑक्टेन जितका जास्त तितका नॉकिंगचा धोका कमी) पेट्रोल मुंबईत २०२० च्या डिसेंबरपासून निवडक पंपांवर मिळते, परंतु चेन्नईपर्यंतच्या तेराशे किलोमीटरमध्ये कोणत्या पंपावर काय मिळेल याचा भरवसा नाही. साध्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलची नॉकिंग रोखण्याची क्षमता चांगली असली तरी त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला जास्त इंधन ओतावे लागते आणि वाढीव बूस्टवर पंपाची कसोटी लागते. म्हणून ट्यून ९५ ऑक्टेनवर सुरक्षित राहील असाच मागावा. कागदावर वीस-पंचवीस अश्वशक्ती कमी दिसल्या तरी चालतील, इंजिन शाबूत राहिले पाहिजे.

साधारण २०२० च्या मध्यानंतर बनलेल्या गाड्यांचे ईसीयू कंपनीने कुलूपबंद केलेले आहेत, त्यामुळे आपल्या गाडीत ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर जोडण्याच्या जागेतून) थेट फाइल घालता येणार नाही. आधी ईसीयू उघडून घ्यावा लागेल. ही कटकट टाळण्यासाठी कोणी पिगीबॅक बॉक्स सुचवील. तो बूस्टच्या सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला दाखवतो आणि ईसीयू फसून जास्त बूस्ट देतो. गिअरबॉक्स आपल्या क्लचवर किती दाब ठेवायचा हे इंजिनाने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. इंजिनालाच खरा टॉर्क ठाऊक नसेल तर गिअरबॉक्सला तरी तो कुठून कळणार? रस्त्यावर एखाद्या ओव्हरटेकपुरते हे खपून जाते, ट्रॅकच्या उष्णतेत मी ते बसवणार नाही. शोरूममध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की घातलेली फाइल पुसली जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्या. एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या दाव्यांवर पाणी सोडण्याची तयारी ठेवूनच या वाटेला जावे.

नौपाडा_विमा

वाहन विम्याच्या दाव्यांची पाहणी करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिलेला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कॅट काढून टाकलेला डाउनपाईप यात सरळसरळ बसतो. पीयूसीची चाचणी इंजिन जागेवर चालू ठेवून होते, तिच्यात गाडी कशीबशी उत्तीर्ण झाली तरी कायद्याच्या दृष्टीने बदल वैध होत नाही. ब्रेक ऑइल आणि त्याच मापाचे पॅड हे झिजणारे, बदलायचेच भाग आहेत. त्यांवरून कोणाला अडवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

विम्याचे उत्तर याहून कडू आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली आयोजित शर्यत, पेस मेकिंग (इतर गाड्यांना वेग लावून देणे), वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) हे वापर वगळलेले असतात. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे असा युक्तिवाद आयोजक करतात, परंतु फेरीची वेळ मोजली जात असेल तर तो दावा लढवताना फारसा कामाला येत नाही. गाडी ट्रॅकवर नेणाऱ्याने तिथे होणारे सर्व नुकसान स्वतःच्या खिशातून भरायचे आहे असेच गृहीत धरावे, आणि रिमॅप केला असेल तर विमा कंपनीला ते लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी. न कळवलेला बदल रस्त्यावरच्या साध्या अपघाताचा दावाही अडचणीत आणू शकतो.

नेरूळ_३४०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डाउनपाईपचा विषय माझ्यापुरता संपला. रिमॅप पुढच्या हंगामापर्यंत थांबेल, त्याआधी मूळ गाडीचे लॉगिंग करून घेतो.

आणखी दोन शंका आहेत. पहिली टायरची : ट्रॅकवरून आल्यावर पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा सोलल्यासारख्या झाल्या आहेत, डावा जास्त. मधला भाग मात्र जवळजवळ नवा आहे. दुसरी शंका नव्या पॅडची. ते बसवल्यावर बेडिंग, म्हणजे पॅड तापवून डिस्कशी जुळवून घेणे, करावे लागते असे वाचले. पहाटे पाम बीच रस्ता मोकळा असतो, किंवा अटल सेतू आहे. तिथे ते उरकले तर चालेल का?

खारघर_आरएस

टायरच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण माझ्या ऑक्टेव्हिया आरएस २४५ ने पुढचे टायर खाण्यात कोणाला पुढे जाऊ दिलेले नाही. (तिला मागे हॅचबॅकसारखे दार असल्यामुळे सेडान म्हणावे की नाही, हा वाद कृपया वेगळ्या धाग्यावर घालावा. २०२० मध्ये देशात अवघ्या दोनशे गाड्या आल्या होत्या, त्यांपैकी एक सांभाळणाऱ्याला तेवढी सूट असावी.)

घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे जास्त असतात, वजन डाव्या बाजूला लोटले जाते आणि पुढचा डावा टायर सर्वांत जास्त सोसतो. आपण पुढे कधी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर गेलात तर ५.१२५ किलोमीटरच्या एकेका फेरीत हे आणखी ठळकपणे दिसेल, आणि तिथे किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी घोडबंदरकरांचा मेगाज्यूलचा हिशेबही पायाला कळेल. कडा सोलण्याची कारणे दोन असतात : हवेचा दाब चुकीचा असणे आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आतल्या-बाहेरच्या बाजूला असलेला कल) कमी पडणे. दाब आधी पाहावा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. टायर तापल्यावर दाब पाच-सहा पीएसआयने सहज चढतो, म्हणून सकाळी थंड टायरमध्ये मोजून समाधान मानू नये. सत्र संपवून पिटमध्ये शिरताच मोजावा आणि तापलेल्या अवस्थेत चारही टायर ३४ ते ३६ पीएसआयच्या दरम्यान राहतील असा बेत करावा. टायरच्या खांद्यावर, झिजेची खूण जिथे असते तिथे, बहुतेक कंपन्या छोटा त्रिकोण छापतात. घासल्याची रेघ त्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत येऊन थांबली तर दाब बरोबर आहे, टोक ओलांडून खाली उतरली तर टायर वळणात लोळतो आहे आणि थोडी हवा भरावी. पिटमध्ये खडूने रेघ ओढून पाहिले तर हे आणखी स्पष्ट दिसते.

दाब नीट करूनही कडा जात असतील तर कॅम्बरकडे वळावे. कंपनीच्या रचनेत पुढचा कॅम्बर फारसा हलवता येत नाही. त्यासाठी वर कॅम्बर प्लेट बसवाव्या लागतात. ट्रॅकवेडे उणे तीन अंशांपर्यंत जातात. रोज वापरायच्या गाडीत उणे दोनच्या आसपास थांबलेले बरे, नाहीतर सायन-पनवेलवर सरळ चालतानाच आतल्या कडा संपतील. अलाइनमेंट करताना टो (वरून पाहता चाकाची पुढची कड किती आत-बाहेर वळली आहे ते) जवळजवळ शून्यावर ठेवायला सांगावे. कॅम्बरपेक्षाही चुकीचा टो टायर लवकर खातो, आणि खड्ड्यांच्या मोसमानंतर तो हलतोच. आपल्या गाडीला एक्सड्राइव्ह असल्यामुळे पुढच्या-मागच्या टायरच्या परिघात मोठी तफावत आली तर ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाला, त्रास होतो, म्हणून दोनच नवे टायर घालण्याआधी मागच्यांची नक्षी किती उरली आहे ते मोजून घ्यावे.

चाकांचे बोल्ट थंड झाल्यावर टॉर्क पान्याने १४० न्यूटन मीटरला तपासावेत, दर सत्राआधी. पंक्चरवाल्याच्या एअर गनवर विसंबू नये.

आपण विचारले नाही तरी एक सुचवतो. रिमॅपचे पैसे हंगामभर थांबणारच आहेत, तर त्यातला थोडा भाग शेजारी बसून शिकवणाऱ्या प्रशिक्षकावर खर्च करावा. ब्रेक उशिरा आणि जोरात लावून लवकर सोडणारा चालक, रेंगाळत ब्रेक ओढणाऱ्या चालकापेक्षा पॅड आणि ऑइल दोन्ही थंड ठेवतो. कोइम्बतूरची करी मोटार स्पीडवे अवघी २.१ किलोमीटरची आहे, सरळ पट्टे आखूड आहेत, आणि हे शिकायला मला ती चेन्नईपेक्षा सोयीची वाटली.

घोडबंदरकर

बेडिंगविषयी : पाम बीच रस्ता नको आणि अटल सेतूही नको. पाम बीचवर पहाटे सायकलवाले आणि धावणारे असतात, सेतूवर १०० ची मर्यादा व कॅमेरे आहेत, आणि मागून येणाऱ्याला आपण विनाकारण जोरात ब्रेक का लावत आहोत हे कळण्याचा मार्ग नसतो. त्यातून ट्रॅकच्या पॅडला लागणारे तापमान रस्त्याच्या वेगावर मिळतही नाही.

पॅड गॅरेजमध्ये बसवून जावे आणि बेडिंग ट्रॅकवरच, पहिल्या सत्राच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत करावे. आयोजकांना तसे आधी सांगून रांगेत शेवटी निघावे. पहिल्या फेरीत हलके ब्रेक लावून सर्व भाग कोमट करावेत, त्यानंतर सरळ पट्ट्यावर ताशी १०० च्या वरून ३० पर्यंत, एबीएस जागे होणार नाही एवढ्या जोराने, लागोपाठ आठ-दहा वेळा वेग उतरवावा, आणि गाडी एकदाही पूर्ण थांबू देऊ नये. थोडा जळका वास येईल, एखाद्या वेळी पकड मधेच ढिली वाटेल. ते अपेक्षित आहे. मग ब्रेक न वापरता एक-दोन फेऱ्या मारून पिटमध्ये यावे आणि डिस्क हाताला सोसेल इतकी थंड होईपर्यंत बाहेर पडू नये. डिस्कवर सर्वत्र सारखी, निळसर राखाडी झाक आली असेल तर काम झाले. पट्टे दिसत असतील तर हीच क्रिया आणखी एकदा करावी. पॅड बनवणाऱ्या कंपनीने वेगळी पद्धत छापली असेल तर तिचीच पाळावी.

नवे ऑइल आणि नवे पॅड घालूनही पिटमधून निघतानाच, म्हणजे सगळे थंड असतानाच, पेडल मऊ लागले तर ते उकळण्याचे लक्षण नव्हे, नळ्यांमध्ये हवा राहिली आहे असे समजावे. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब असलेल्या मागच्या डाव्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करावी. एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली असेल तर नुसते पेडल मारून ती निघत नाही, त्यासाठी स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. रबाळ्याला ती सोय असेलच. चेन्नईला निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी हे काम उरका, म्हणजे मधल्या दिवसांत पेडल कसे राहते ते कळेल.